केबलवरील अक्षरसंकेत : शहापूर व मुरबाड तालुक्यांतील वापराच्या अनुषंगाने

विजेच्या तारेच्या किंवा केबलच्या आवरणावर उत्पादकाने छापलेला वा उठवलेला अक्षरांचा व आकड्यांचा मजकूर. वाहकाचा धातू, त्यावरचे विद्युतरोधक आवरण, चिलखत, बाहेरचे कवच, वाहकाची जाडी, किती व्होल्टसाठी केबल चालेल आणि ती कोणत्या भारतीय मानकानुसार बनली, एवढी माहिती या मजकुरात असते. शहापूर व मुरबाड तालुक्यांत वीज महावितरणच्या कल्याण परिमंडळातून येते. डीपीपासून, म्हणजे रोहित्रापासून, घरापर्यंत आणि मीटरपासून बोअरच्या मोटरीपर्यंत येथे निरनिराळ्या जातींची केबल लागते. तिची निवड बहुतेक वेळा भावावरून आणि दुकानदाराच्या शब्दावरून होते. छापील संकेत वाचता आला तर ही निवड गिऱ्हाईक स्वतः करू शकते.

संकेत आतून बाहेर वाचायचा. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत किंवा आसनगाव-आटगाव पट्ट्यातील कारखान्यांत जमिनीखाली पुरलेल्या मुख्य केबलवर ‘ए२एक्सएफवाय’ अशी अक्षरे सापडतात. ‘ए’ म्हणजे अॅल्युमिनियमचा वाहक. ‘२एक्स’ म्हणजे क्रॉसलिंक केलेल्या पॉलिथिनचे, म्हणजे एक्सएलपीईचे विद्युतरोधन. ‘एफ’ म्हणजे पोलादी पट्टीचे चिलखत आणि शेवटचा ‘वाय’ म्हणजे पीव्हीसीचे बाहेरचे कवच. विद्युतरोधनही पीव्हीसीचे असले तर ‘२एक्स’च्या जागी ‘वाय’ येतो आणि संकेत ‘एवायएफवाय’ होतो. पहिला ‘वाय’ आतल्या आवरणाचा, दुसरा बाहेरच्या कवचाचा. पीव्हीसीच्या अशा केबलसाठी आयएस १५५४ आणि एक्सएलपीईसाठी आयएस ७०९८ ही मानके आहेत. अक्षरांची ही रीत जर्मनीतील व्हीडीई पद्धतीशी जुळते.

या पद्धतीत गाळलेले अक्षरही अर्थ सांगते. तांब्यासाठी अक्षरच नाही, म्हणून ‘२एक्सएफवाय’ ही केबल तांब्याची ठरते. ‘एफ’ किंवा गोल तारेचा ‘डब्ल्यू’ नसेल तर चिलखत नाही, आणि अशी केबल उघडी पुरली तर कुदळीचा एक घाव तिला पुरतो. दोन तालुक्यांतील खडकाळ उतारांवर, जिथे चर जेमतेम फूटभर खोल निघतो, तिथे हे गाळलेले अक्षर आधी शोधावे.

‘डब्ल्यू’ म्हणजे पोलादी गोल तारेचे चिलखत. आयएस १५५४ नुसार चिलखताखालचा केबलचा व्यास १३ मिलिमीटरपर्यंत असेल तर गोल तारच वापरतात. त्याहून जाड केबलला तार किंवा पट्टी दोन्ही चालतात. म्हणून लहान केबलवर ‘डब्ल्यू’ आणि मोठीवर बहुधा ‘एफ’ दिसतो. एकाच गाभ्याच्या केबलला पोलादाचे चिलखत चालत नाही. उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहाच्या चुंबकत्वामुळे पोलाद तापते. तीन गाभे एकत्र असले की त्यांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना जवळजवळ काटतात, एकट्या गाभ्याला ती सोय नसते. तेव्हा अॅल्युमिनियमचे, न चुंबकणारे चिलखत घालतात आणि ‘डब्ल्यू’ किंवा ‘एफ’ला लहान ‘ए’ जोडतात. ‘३.५ सी’ म्हणजे साडेतीन गाभे : तीन फेजचे पूर्ण आणि न्यूट्रलचा सुमारे निम्म्या जाडीचा. ७० चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये न्यूट्रल ३५ चा असतो.

घरातल्या तारेसाठी आयएस ६९४ हे मानक आहे. तिच्यावर वरची अक्षरमाला सहसा नसते. ‘एफआर’, ‘एफआर-एलएसएच’, ‘एचआर’ अशी अक्षरे असतात. ‘एफआर’ म्हणजे ज्वालारोधी. ही तार जळत नाही असा समज आहे, तो चुकीचा आहे. एफआर पीव्हीसीचा ऑक्सिजन निर्देशांक किमान २९ असावा लागतो. म्हणजे भोवतालच्या हवेत २९ टक्के ऑक्सिजन असेल तरच ज्योत टिकते. साध्या हवेत तो सुमारे २१ टक्के असतो, म्हणून ज्योत दूर गेली की तार विझते. बाहेरून आग लागतच राहिली तर ती जळते. ‘एलएसएच’ तारेतून धूर आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू कमी निघतो. ‘एचआर’चे पीव्हीसी ८५ अंश सेल्सियस सोसते, साधे पीव्हीसी ७० अंश. एक्सएलपीई ९० अंशांपर्यंत काम करते. शॉर्टसर्किटच्या क्षणी पीव्हीसीला १६० आणि एक्सएलपीईला २५० अंशांची मर्यादा धरतात. कारवीच्या कुडाची भिंत आणि माळ्यावर पेंढा असलेल्या घरात ‘एफआर’ हे किमान मानावे. भावातल्या थोड्या फरकासाठी ते सोडू नये.

घरातली एकेरी तार ही फक्त विद्युतरोधन असलेली, कवच नसलेली तार आहे. ती पाइपातून किंवा पट्टीतून जाण्यासाठी बनते. भातकापणी झाल्यावर भेंडी-काकडीच्या मळ्याला पाणी द्यायला ओढ्यावरच्या मोटरीपर्यंत हीच तार झुडपांवरून ओढलेली दिसते. ऊन आणि घासणीने तिचे पीव्हीसी तडकते आणि पहिल्या पावसात ओल थेट तांब्याला भिडते. तिथे कवचाची केबल हवी. बोअरमधल्या मोटरीसाठी वेगळी चपटी केबल मिळते : शेजारी शेजारी तीन गाभे, लाल, पिवळा व निळा, आणि वर कवच. चपटी असल्यामुळे ती पाइपाला नीट बांधून खाली सोडता येते.

जाडी चौरस मिलिमीटरमध्ये छापतात : १, १.५, २.५, ४, ६ अशी. जुने वायरमन मात्र अजून ‘एक-अठरा’, ‘तीन-वीस’, ‘सात-वीस’ म्हणतात. पहिला आकडा तारांच्या संख्येचा, दुसरा ब्रिटिश गेजचा. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते : १८ गेजची १.२२ मिलिमीटर, २० ची ०.९१, २२ ची ०.७१. त्यावरून एक-अठराचे क्षेत्रफळ सुमारे १.२ चौरस मिलिमीटर भरते, तीन-वीसचे सुमारे २ आणि सात-वीसचे सुमारे ४.६. जुन्या घरातली सात-वीस बदलताना हा हिशेब उपयोगी पडतो, कारण तिच्या जागी अडीचची तार घातली तर वाहकाचे क्षेत्रफळ जवळजवळ निम्मे होते.

जाडी आणि धातू एकत्र वाचले नाहीत तर आकडा फसवतो. आयएस ८१३० नुसार २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वाहकाचा रोध किलोमीटरला ७.४१ ओहम धरतात. अॅल्युमिनियममध्ये हाच रोध ४ चौरस मिलिमीटरला मिळतो. तांब्याच्या ६ ला अॅल्युमिनियमची १० तुल्य ठरते, दोघांचा रोध ३.०८. मीटरपासून १०० मीटरवर एक अश्वशक्तीची सिंगल फेज मोटर आहे आणि ती ७ अँपियर ओढते असे धरू. प्रवाहाला जाऊन-येऊन २०० मीटर तार लागते. तांब्याच्या अडीचच्या केबलवर सुमारे १० व्होल्ट वाटेतच पडतात, दीडच्या केबलवर सुमारे १७. लांब लाइनीच्या टोकाच्या पाड्यावर दाब आधीच उतरलेला असतो. त्यात हे १७ व्होल्ट गेले की मोटर गुरगुरते, तापते आणि वाइंडिंग जळते. दुरुस्तीला मोटर शहापूर-मुरबाडच्या बाजारात जाते आणि तीच दीडची केबल पुन्हा जोडली जाते. मोटर वारंवार जळत असेल तर आधी केबलवरचा आकडा पाहावा, मग मोटरीला दोष द्यावा.

खांबावरून मीटरपर्यंतची सर्व्हिस वायर पुष्कळदा अॅल्युमिनियमची आणि घरातली तांब्याची असते. या दोन धातूंचा नुसता पीळ घालून केलेला जोड दमट हवेत गंजतो, सैल होतो आणि तापतो. तारेवर ‘अॅल्युमिनियम’ किंवा ‘ए’ वाचले की दोन्ही धातूंना चालणारे टर्मिनल घ्यावे.

खांबांवरच्या उघड्या तारांना अक्षरांऐवजी प्राण्यांची नावे आहेत. पोलादी गाभ्याभोवती अॅल्युमिनियमच्या तारा वळलेल्या एसीएसआर वाहकांत ‘स्क्विरल’, ‘वीझल’, ‘रॅबिट’, ‘डॉग’, ‘पँथर’ अशी चढती भाजणी आहे. ‘रॅबिट’मध्ये ३.३५ मिलिमीटरच्या अॅल्युमिनियमच्या सहा तारा एका पोलादी तारेभोवती असतात. शेजारच्या भिवंडी तालुक्यात पडघे येथे ४०० केव्हीचे उपकेंद्र आहे. तिकडे मनोऱ्यांवरून जाणाऱ्या वाहिन्यांसारख्या मोठ्या वाहिन्यांत साधारणपणे ‘झेब्रा’ आणि ‘मूस’ वापरतात.

गावातल्या खांबांवर उघड्या तारांच्या जागी एबी केबल येते, म्हणजे एकत्र वळलेली, आवरणाची हवाई केबल. तिचे मानक आयएस १४२५५. आवरणामुळे फांदी टेकली तरी लाइन पडत नाही आणि आकडा टाकता येत नाही. सगळे गाभे काळेच असतात, कारण उन्हापासून राखण्यासाठी एक्सएलपीईत काजळी मिसळलेली असते. रंग नसल्याने फेज ओळखण्यासाठी आवरणावर उभ्या धारा उठवतात : पहिल्या फेजला एक, दुसरीला दोन, तिसरीला तीन. ही खूण लाइनमनला बोटाने वाचता येते.

व्होल्टचे दोन आकडे तिरप्या रेघेने लिहितात. ‘४५०/७५०’मध्ये पहिला फेज आणि जमीन यांमधला, दुसरा दोन फेजांमधला. उच्चदाबाच्या केबलवर ‘६.३५/११ केव्ही (ई)’ म्हणजे न्यूट्रल जमिनीला जोडलेल्या यंत्रणेसाठी, ‘११/११ केव्ही (यूई)’ म्हणजे न जोडलेल्या यंत्रणेसाठी.

आयएसआय चिन्हाखाली ‘सीएम/एल’ अक्षरांपुढे भारतीय मानक ब्युरोच्या परवान्याचा क्रमांक असतो. २००३ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने पीव्हीसी केबलला हे चिन्ह सक्तीचे केले. चिन्ह कोणीही छापू शकतो, म्हणून क्रमांक ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अॅपवर घालून उत्पादकाचे नाव आणि परवाना चालू आहे की नाही ते पाहावे. आठवडी बाजारात सुट्या मीटरने तार घेताना तुकड्यावर हा क्रमांक येईल एवढी लांबी आधी डोळ्यांखालून घालावी. परदेशी यंत्राच्या दोरीवर ‘एच०५व्हीव्ही-एफ’ असा युरोपीय संकेत असतो : ‘०५’ म्हणजे ३००/५०० व्होल्ट, दोन ‘व्ही’ पीव्हीसीच्या दोन थरांचे, ‘एफ’ लवचीक तारेचा. तेथील ‘एफ’ आणि आपल्या केबलवरचा पोलादी पट्टीचा ‘एफ’ यांचा काही संबंध नाही, आणि अशी दोरी चिलखती समजून जमिनीत पुरू नये.