गर्स्टमन बडतर्फी प्रकरण

व्हिडिओ गेम पत्रकारितेवरील जाहिरातदारांच्या दबावाचे सर्वांत गाजलेले उदाहरण. अमेरिकेतील ‘गेमस्पॉट’ या संकेतस्थळाचे संपादकीय संचालक जेफ गर्स्टमन यांना नोव्हेंबर 2007 च्या अखेरीस अचानक कामावरून काढण्यात आले. त्याआधी थोडेच दिवस त्यांनी ‘केन अँड लिंच : डेड मेन’ या गेमच्या परीक्षणात दहापैकी सहा गुण दिले होते. त्याच सुमारास गेमची प्रकाशक कंपनी आयडॉस हिच्या जाहिरातींनी गेमस्पॉटचे मुखपृष्ठ व्यापले होते. खरे तर सहा गुण ही काही खरडपट्टी नव्हे. इतर परीक्षकांची सरासरीही शंभरात पासष्टच्या आसपासच राहिली. तरीही परीक्षणाची चित्रफीत हटवली गेली आणि लिखित मजकुरातही फेरफार झाले.

बातमी फुटली ती वेब-व्यंगचित्रमालिका ‘पेनी आर्केड’मधून. मग निनावी सूत्रे, तर्क आणि संताप यांचा पूर लोटला. मालक कंपनी सीनेटने दबावाचा इन्कार केला, पण बडतर्फीचे कारण सांगितले नाही. गर्स्टमन करारामुळे बोलू शकत नव्हते. दोन्ही बाजूंच्या या मौनावरच सनसनाटी पोसली गेली. पुढे काही सहकाऱ्यांनी राजीनामे दिले. 2008 मध्ये गर्स्टमन यांनी रायन डेव्हिस यांच्यासह ‘जायंट बॉम्ब’ हे संकेतस्थळ सुरू केले.

उलगडा झाला मार्च 2012 मध्ये. तोवर सीनेट विकत घेतलेल्या सीबीएस या माध्यम कंपनीने जायंट बॉम्बही घेतले आणि गर्स्टमन यांच्यावरील बंधन उठले. त्यांच्या सांगण्यानुसार, कमी गुणांवरून जाहिराती काढून घेण्याच्या धमक्या आधीही आल्या होत्या; संपादकांची पाठराखण करणारे जुने वरिष्ठ मात्र निघून गेले होते आणि नवखे व्यवस्थापन दबावापुढे वाकले. म्हणजे परीक्षणामुळे नोकरी गेली या अफवेचा गाभा खरा होता, पण तो छापताना बहुतेकांच्या हाती पुरावा नव्हता, हेही नोंदवायला हवे.

दुखण्याचे मूळ व्यवसायाच्या रचनेत आहे. ज्यांच्या मालाचे परीक्षण करायचे, तेच मुख्य जाहिरातदार. विक्रीपूर्व प्रतीही त्यांच्याकडूनच मिळवायच्या. एका गेमला मिळालेल्या गुणांवरून पत्रकाराची नोकरी जाऊ शकते, हे या प्रकरणाने दाखवले. परीक्षणे सर्रास विकत घेतली जातात, असा निष्कर्ष मात्र त्यातून निघत नाही.

याच प्रश्नाशी निगडित ‘पत्रकारितेतील नीती’ ही घोषणा 2014 मध्ये ‘गेमरगेट’ मोहिमेने उचलली. तिचा रोख मात्र बड्या प्रकाशकांवर नव्हता. गेम बनवणाऱ्या आणि गेमविषयी लिहिणाऱ्या स्त्रियांचा छळ हेच तिचे ठळक रूप ठरले. एका स्वतंत्र गेमनिर्मातीने वैयक्तिक संबंधांतून आपल्या गेमसाठी अनुकूल परीक्षण मिळवले, हा मोहिमेचा पहिला आरोप होता. ज्या पत्रकाराकडे बोट दाखवले गेले, त्याने त्या गेमचे परीक्षण लिहिलेच नव्हते.