माळवदाचा गारवा आणि किल्लारीचा धडा

बायांनो, आपल्या आज्यांची घरं दगडमातीची, वर माळवद. लाकडांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, म्हणून भर उन्हाळ्यातही घर गार. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. भिंती फुटल्या, जड माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. तेव्हापासून माळवदाची धास्ती बसली. पत्रे आले, घरं तापली.

दोष एकट्या मातीचा नव्हता. दगडी भिंतीचे दोन पदर एकमेकांत गुंतलेले नव्हते. पुढे लातूर-उस्मानाबादकडे घर मजबूत कसं करायचं, हे महिला मंडळांनीच गावोगाव सांगितलं.

मार्च आणि जुलै २०२४ मध्ये आपला हिंगोली जिल्हाही हादरला. आता आपणही शिकू: भिंतीत आरपार दगड, छत हलकं, गारव्याला पत्र्याखाली तट्टे. आणि पत्र्यावर ठेवलेले दगड आजच उतरवू. पत्रा बोल्टनं आवळू.