हवानाचा ठोका, हळदोण्याचा ट्रंपेट

१९५१ साली भगवान पालव म्हणजेच भगवानदादा यांचा ‘अलबेला’ आला. संगीत सी. रामचंद्र यांचं. त्यातल्या ‘शोला जो भडके’वर वऱ्हाडातल्या वरातीत आजही पाय थिरकतात, आमच्या नेरलाही. या गाण्यात बोंगोची थाप ठळक ऐकू येते आणि सोबतीला ट्रंपेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन आहेत. पुणतांब्याला जन्मलेल्या, नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शास्त्रीय गाणं शिकलेल्या रामचंद्र नरहर चितळकरांकडे हा ठेका आला कुठून? ‘पाश्चात्त्य संगीताची नक्कल’ असं ठरलेलं उत्तर मिळतं. मला ते पुरेसं वाटत नाही. ‘पाश्चात्त्य’ म्हणून आपण ज्याला एका गाठोड्यात बांधलं, त्याचा गाभा पश्चिमेचा नाहीच. तो आफ्रिकेचा आहे.

गुलामांच्या जहाजांतून क्यूबात आणलेल्या माणसांना सोबत काही नेता आलं नाही. ताल तेवढे आले. योरुबांचे बाता ढोल, काँगो खोऱ्यातल्या ढोलांचे वंशज ठरलेले काँगा, क्यूबाच्या पूर्व भागात घडलेला जोडढोलाचा बोंगो, ही सगळी त्या स्थलांतराची अपत्यं. क्यूबात गुलामगिरी कायद्याने संपली ती १८८६ मध्ये. तोवर आफ्रिकी ठोका आणि स्पॅनिश गिटार यांचा संसार जमला होता. त्यातून ‘सोन’ हा गानप्रकार उभा राहिला.

या संगीताचा कणा म्हणजे ‘क्लावे’. दोन लाकडी दांड्या एकमेकींवर आपटून तो वाजवतात. आपल्याला समजायला सोपं पडावं म्हणून सोळा मात्रांचं एक आवर्तन धरा आणि पहिल्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या व तेराव्या मात्रेवर टाळी द्या. आपल्या तीनतालात चार-चारचे सरळ विभाग असतात. इथे अंतरं तीन, तीन, चार, दोन, चार अशी पडतात. समेवर येण्याची ओढ तीच, वाट मात्र नागमोडी. पश्चिम आफ्रिकेत लोखंडी घंटेवर वाजणाऱ्या ठोक्यांचं हे सख्खं भावंड.

हा ठोका न्यूयॉर्कला पोचला आणि जॅझमध्ये मिसळला. क्यूबाचे मारिओ बाउसा आणि माचितो यांनी १९४० च्या दशकात त्याचा वाद्यवृंद उभा केला. १९४७ मध्ये डिझी गिलेस्पी यांनी हवानाच्या चानो पोसो यांना आपल्या बँडमध्ये काँगावर बसवलं. दोघांची भाषा वेगळी, पण आजोळ एकच होतं.

मुंबईत जॅझ त्याआधीच उतरला होता. १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकी वादकांचा बँड ताजमहाल हॉटेलात आला. मागोमाग ट्रंपेटवाले क्रिकेट स्मिथ, पियानोवाले टेडी वेदरफर्ड आले. वेदरफर्ड तर इथलेच झाले. १९४५ मध्ये कॉलऱ्याने कलकत्त्यात वारले. त्यांच्या सहवासात तयार झाले ते गोव्याचे वादक. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत पोरांना व्हायोलिन आणि स्वरलेखन शिकवलं जाई. त्यामुळे कागदावरचे स्वर वाचून वाजवणं आणि ऐकलेलं कागदावर उतरवणं, दोन्ही त्यांना जमे.

हळदोण्याचे आंतोनिओ शावियर वाझ (१९१६–१९६७) त्यांपैकीच. मुंबईत ते चिक चॉकलेट नावाने गाजले. त्यांच्या ट्रंपेटवर लुई आर्मस्ट्राँगची छाप होती. पुढे मुंबई राज्यात दारूबंदी आली, हॉटेलांतलं काम आटलं आणि हे वादक सिनेमाच्या ध्वनिमुद्रणाकडे वळले. चिक चॉकलेट सी. रामचंद्रांचे साहाय्यक झाले. ‘अलबेला’मध्ये ते आपल्या बँडसह झालरीचे लॅटिन सदरे घालून पडद्यावरही दिसतात. लॅटिन तालवाद्यं सिनेमाच्या वाद्यवृंदात रुजवण्यात कावस लॉर्ड या पारशी वादकाचा मोठा वाटा आहे.

इथे नक्कल नव्हती असं म्हणणं खोटेपणाचं होईल. ‘समाधी’मधल्या (१९५०) ‘गोरे गोरे’ची चाल एका लॅटिन ढंगाच्या अमेरिकी गाण्यावरून घेतलेली आहे. पण उचललेली चाल आणि मुरवलेला ठेका यांत फरक आहे. ‘शोला जो भडके’त लता आणि खुद्द चितळकर गातात ते हिंदुस्थानी गळ्याने, आणि बोंगो त्या गळ्याला वाट करून देतो. ‘अनारकली’ची (१९५३) गाणी याच संगीतकाराने केली. ज्याला दोन्ही घरं माहीत आहेत, त्याला नुसता नकलाकार कसं म्हणायचं?

राज्यकर्त्यांना मात्र हे रुचलं नाही. १९५२ मध्ये नभोवाणी खात्याचे मंत्री झालेले डॉ. बाळकृष्ण केसकर शास्त्रीय संगीताचे कैवारी होते. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेगीतं जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी रेडिओची सुई सिलोनकडे फिरवली. अखेर १९५७ मध्ये ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. मंत्री ज्याला परकी उथळता समजत होते, त्यात गुलामीतून वाचलेला ताल होता, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

खुद्द आफ्रिकेत या ठोक्याचं स्वागत घरी परतलेल्या लेकरासारखं झालं. १९३० च्या दशकापासून एचएमव्हीच्या क्यूबन तबकड्या पश्चिम आफ्रिकेत विकल्या जात. १९६४ मध्ये माली देशाने दहा तरुण संगीत शिकायला हवानाला धाडले. त्यांचा ‘मारावियास दे माली’ हा वाद्यवृंद झाला. १९९६ मध्ये मालीचे वादक हवानाला ध्वनिमुद्रणासाठी पोचू शकले नाहीत. म्हणून तिथल्या बुजुर्गांना जमवून जे केलं, ते ‘बुएना व्हिस्ता सोशल क्लब’ म्हणून जगभर गाजलं. राहून गेलेली भेट २०१० मध्ये ‘आफ्रोक्यूबिझम’ या ध्वनिमुद्रिकेत प्रत्यक्षात आली. मालीचे तुमानी जाबाते, बासेकू कुयाते आणि क्यूबाचे एलियादेस ओचोआ एकत्र वाजले, आणि त्यांची नावंही नोंदली गेली.

आपल्याकडे नेमकं तिथेच उणं राहिलं. त्या काळच्या श्रेयनामावलीत संगीत दिग्दर्शकाचं नाव येई. वाद्यमेळ लिहिणारा, ट्रंपेट फुंकणारा, बोंगो वाजवणारा बहुधा निनावी राही. ग्रेगरी बूथ (२००८) आणि नरेश फर्नांडिस (२०१२) यांनी इंग्रजीत पुस्तकं लिहून या वादकांचा माग काढला. मराठीत सिनेसंगीतावर उदंड लिहिलं गेलं, पण बहुतेक गायक, गीतकार आणि संगीतकार यांच्याभोवतीच. गुलामांच्या जहाजांवरही माणसांची मोजदाद झाली, नावं क्वचितच टिकली. त्यांचा ताल आपल्यापर्यंत ज्यांनी आणला, निदान त्यांची नावं तरी आपल्या भाषेत लिहून ठेवायला हवीत. ते वादक आता हयात नाहीत. त्यांच्या बोटांची ओळख सांगू शकणारी पिढीही विरळ होत चालली आहे.