अपंगत्व लाभ (राज्य कामगार विमा योजना)

अपंगत्व लाभ हा भारतातील राज्य कामगार विमा योजनेअंतर्गत, कामामुळे इजा झालेल्या अथवा व्यवसायजन्य रोग जडलेल्या विमाधारक कामगारास मिळणारा रोख लाभ आहे. मालकाचा दोष सिद्ध करण्याची आवश्यकता नसणे, हे त्याचे प्रमुख वैशिष्ट्य होय.

पार्श्वभूमी

कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ नुसार भरपाईची जबाबदारी थेट मालकावर होती. त्यामुळे ती मिळणे त्याच्या ऐपतीवर व इच्छेवर अवलंबून राही. प्रा. बी. पी. अडारकर यांच्या १९४४ च्या अहवालानंतर १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा अधिनियम संमत झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. भरपाईचा भार सामाईक निधीवर आला. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये हे दोन्ही अधिनियम समाविष्ट झाले आहेत.

स्वरूप

आजारपण लाभासाठी सामान्यतः ७८ दिवसांची वर्गणी लागते व वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. अपंगत्व लाभास मात्र वर्गणीच्या दिवसांची अट नाही. कामाच्या पहिल्याच दिवशी अपघात झाला तरी कामगार पात्र ठरतो.

तात्पुरते अपंगत्व : अपघाताचा दिवस वगळून किमान तीन दिवस काम करता आले नाही, तर अपंगत्व असेपर्यंत वेतनाच्या ९० टक्के दराने रक्कम मिळते.

कायमचे अपंगत्व : उपार्जनक्षमता किती घटली हे वैद्यकीय मंडळ ठरवते. अंगठा पूर्ण तुटल्यास ही घट ३० टक्के मानली जाते. अशा कामगाराचे सरासरी दैनिक वेतन ६०० रुपये असल्यास पूर्ण दर ५४० रुपये, तर त्याचा लाभ प्रतिदिन १६२ रुपये होतो. तो आजीव मिळतो.

मृत्यू झाल्यास पत्नी, अपत्ये आदी अवलंबितांना स्वतंत्र लाभ मिळतो. २०१० च्या दुरुस्तीनंतर घर ते कामाचे ठिकाण या प्रवासातील अपघातही, कामाशी संबंध सिद्ध झाल्यास, यात मोडतात.

व्यवसायजन्य रोग

सिलिकोसिस, ॲस्बेस्टोसिस तसेच कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस यांसारखे रोग कायद्याच्या अनुसूचीत आहेत. अनुसूचीबाहेरील रोग कामामुळेच झाल्याचे कामगारास सिद्ध करावे लागते. असे रोग पुष्कळदा वर्षांनुवर्षांनी, नोकरी सुटल्यावर प्रकट होत असल्याने जुन्या कामाच्या नोंदी निर्णायक ठरतात.

मर्यादा

जानेवारी २०१७ पासून वेतनमर्यादा दरमहा २१,००० रुपये आहे. योजना सामान्यतः दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होते. मालकाने वर्गणी थकवली तरी महामंडळ लाभ देऊन त्याची वसुली मालकाकडून करू शकते. मात्र योजनेच्या कक्षेबाहेरील दगडखाणी व छोट्या कारखान्यांतील कामगारांना आजही मालकाकडूनच भरपाई मागावी लागते. एकाच इजेसाठी दोन्हीकडून लाभ घेता येत नाही.