टी-शर्टवरील पोतछपाई

दगड, चामडे, गंजलेला पत्रा, मखमल अशा पदार्थांचा पोत टी-शर्टवर हुबेहूब उतरवण्याची स्क्रीन प्रिंटिंगमधील पद्धत. पोत डोळ्यांना नुसता भासवता येतो किंवा हाताला लागेल असा प्रत्यक्ष उठवता येतो.

भासासाठी चित्रातले रंग वेगळे करून प्रत्येक रंगाची बारीक ठिपक्यांची स्क्रीन तयार करतात. काळ्या टी-शर्टवर आधी पांढऱ्या शाईचा थर द्यावा लागतो आणि गंजलेल्या पत्र्याचा खरखरीतपणा खरे तर इथेच ठरतो. पांढरे ठिपके जिथे विरळ, तिथे कापडाचा काळा रंगच सावलीचे काम करतो. हा थर सरसकट भरला, तर वरचे रंग कितीही सुरेख असले तरी चित्र सपाट पडते. कारागिराचे खरे कसब या पांढऱ्यात आहे.

स्पर्शासाठी शाईच बदलते. पफ शाई उष्णतेने फुगते. हाय-डेन्सिटी छपाईत जाड स्टेन्सिलमुळे धारदार कडांचा रबरी थर उभा राहतो. चामड्यावरची शिवण त्यात छान साधते. क्रॅकल शाई तडकून जुन्या रंगासारख्या भेगा पडतात. धातूच्या चमकेसाठी छापलेल्या गोंदावर फॉइल गरम दाबाने चिकटवतात. मखमलीसाठी विद्युतभाराच्या साहाय्याने आखूड तंतू गोंदात उभे रोवतात; हे फ्लॉकिंग.

या कामात सर्रास वापरली जाणारी प्लास्टिसॉल शाई साधारण १६० अंश सेल्सिअसला पक्की होते. जाड थराच्या तळापर्यंत ही उष्णता पोचली नाही, तर छपाई धुण्यात तडकते, सुटते. पफ शाई मात्र जास्त तापली, की फुगलेली पुन्हा बसते.