तळघरांतील ठेव

बिऱ्हाड हलवितांना जड सामानाची चिंता फारशी नसते. कपाट मोडलें तर दुसरें घेतां येतें. खरी अडचण पडते ती आईच्या हातचें भरतकाम, जुन्या पत्रांचा गठ्ठा, लग्नांतील छायाचित्रें अशा वस्तूंची. बाजारांत त्यांस कवडीचें मोल नाहीं. म्हणूनच त्या कोणाच्या हवालीं कराव्यात हा प्रश्न बिकट होतो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या लोकांवर तो १९४२ सालीं एकदमच येऊन पडला.

पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर, ता. १९ फेब्रुवारी १९४२ रोजीं, अध्यक्ष रूझवेल्ट ह्यांनीं हुकूम क्रमांक ९०६६ वर सही केली. त्याच्या जोरावर सुमारें १,२०,००० लोकांस घरें सोडून काटेरी तारांच्या छावण्यांत जावें लागलें. त्यांतील बहुसंख्य जन्मानें अमेरिकेचेच नागरिक होते. सिॲटलजवळच्या बेनब्रिज बेटावर नोटीस लागली २४ मार्चला, आणि ३० मार्चला तेथील कुटुंबें बोटींत बसलीं. सहा दिवसांत संसार आवरावयाचा! बरोबर न्यावयाचें तें अंथरूण-पांघरूण, कपडे, ताटें, चमचे. आणि तेंही स्वतःस उचलवेल तेवढेंच.

मागें राहणाऱ्या सामानाची सोय सरकारनें केली नव्हती असें नाहीं. बर्फाचीं कपाटें, धुण्याचीं यंत्रें, पियानो हीं सरकारी व्यवस्थेनें ठेवतां येत. लहानसहान भांडींही खोक्यांत भरून वर नांव-पत्ता लिहिला तर घेतलीं जात. मात्र सर्व जोखीम मालकाची! ज्यास घराबाहेर काढावयाचें त्याच्याच माथीं राखणीची जबाबदारी टाकणाऱ्या ह्या एका शर्तींत आम्हांस त्या सबंध कारभाराचें सार दिसतें. मग कोणी शेजारी गांठला, कोणी चर्च, कोणी बौद्ध मंदिर. पडत्या भावानें सामान मागणारे जुन्या बाजाराचे व्यापारी तर दारांत उभेच होते. जपानशीं नातें दाखविणारीं पत्रें, पुस्तकें, चित्रें कित्येकांनीं झडतीच्या भीतीनें आधींच जाळून टाकलीं होतीं.

सिॲटलच्या जपानी वस्तींत पनामा हॉटेल नांवाची इमारत आहे. साबरो ओझासा ह्या जपानी वास्तुशिल्पकाराच्या आराखड्याप्रमाणें ती १९१० सालीं उभी राहिली. तळघरांत जपानी पद्धतीचें सार्वजनिक स्नानगृह होतें. मालक ताकाशी होरी ह्यांनीं वस्तींतील कुटुंबांचें सामान ह्याच तळघरांत ठेवून घेतलें. जागा हॉटेलाची, गोदामाची नव्हे. आणि खुद्द होरी ह्यांनाही छावणींत जाणें चुकलें नाहीं. तरी लोकांनीं तेथें ट्रंका आणून ठेवल्या. आमच्या मतें त्यांनीं भिंतींची मजबुती पाहिली नाहीं, माणूस पाहिला. आपल्याकडेही गांव सोडतांना ट्रंक ठेवतात ती नात्यागोत्यांतल्या माळ्यावरच.

१९४५ सालीं परतण्याची मोकळीक मिळाली, तेव्हां ठिकठिकाणच्या ठेवी फोडलेल्या, लुटलेल्या आढळल्या. १९४८ सालीं भरपाईचा कायदा झाला. सुमारें १४ कोटी ८० लक्ष डॉलरांच्या मागण्या आल्या, आणि पदरांत पडले ३ कोटी ७० लक्षांच्या आसपास. नुकसानीस पुरावा हवा, वस्तूस किंमत हवी. आजीनें दिलेल्या बाहुलीची पावती कोणत्या घरांत जपून ठेवतात? पुढें १९८८ च्या कायद्यानें हयात असलेल्या प्रत्येकास २०,००० डॉलर व सरकारची क्षमायाचना मिळाली. परंतु तोंवर चार तपांजवळ काळ लोटला होता, आणि ज्यांनीं त्या ट्रंका भरल्या त्यांतील कितीतरी जण जगांत नव्हते.

होरी परत आले व त्यांनीं हॉटेल पुन्हां चालविलें. कांहीं कुटुंबांनीं आपलें सामान नेलें. कांहीं त्यासाठीं कधींच आलीं नाहींत. १९८५ सालीं जॅन जॉन्सन ह्यांनीं ती इमारत विकत घेतली तेव्हां उरलेल्या ट्रंका व पेट्या तळघरांत होत्याच. त्यांनीं त्या विकल्या नाहींत, फेंकल्याही नाहींत. वरच्या चहागृहाच्या जमिनींत त्यांनीं एक कांच बसविली, आणि चहा पितां पितां तींतून खालचें तें सामान लोकांस दिसूं लागलें. २००६ सालीं त्या इमारतीस राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.