मूटूल्स म्हणजे काय? एक हलकं जावास्क्रिप्ट फ्रेमवर्क आणि ‘फ्लॅट’ नावामागची भानगड

मूटूल्स हे वेबसाइट बनवण्यासाठीचं फुकट आणि हलकं जावास्क्रिप्ट फ्रेमवर्क आहे. पूर्ण नाव ‘माय ऑब्जेक्ट ओरिएंटेड टूल्स’. व्हॅलेरिओ प्रोइएट्टी या इटालियन डेव्हलपरने ते सप्टेंबर 2006 मध्ये आणलं. 1.6.0 ही आवृत्ती 2016 च्या जानेवारीतली, त्यानंतर काम जवळपास थांबलं. पण तुमच्या फोनमधल्या क्रोमवर त्याची एक खूण कायमची राहिली आहे, म्हणून हा लेख.

2006 मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर आणि फायरफॉक्स यांची तोंडं दोन दिशांना असायची. एकच काम दोघांसाठी वेगवेगळं लिहावं लागायचं. मूटूल्सने मधला रस्ता दिला: डॉलर चिन्ह वापरून पेजवरचा भाग पकडा, मेनू हळूच सरकवा, पेज रीलोड न करता सर्व्हरकडून माहिती आणा. डाउनलोड करताना लागतील तेवढेच भाग निवडता यायचे. स्लो नेटच्या काळात ही मोठी सोय होती.

जूमला 1.5 सोबत तर मूटूल्स आपोआपच यायचं. त्यामुळे समजा सणसवाडीतल्या एखाद्या वर्कशॉपने 2009 साली जूमलावर साइट करून घेतली असेल, तर मालकाला नावही माहीत नसताना मूटूल्स तिथे चालत असणार.

आता मुद्द्याचं. जेक्वेरी आपली अवजारं स्वतःच्या पेटीत ठेवते. मूटूल्सने ती थेट भाषेच्या पेटीत टाकली, म्हणजे जावास्क्रिप्टच्या मूळ ‘ॲरे’लाच नवी फंक्शन जोडली. त्यातलं एक होतं ‘फ्लॅटन’. नगर रोडवरची गावं तालुक्यानुसार अशी ठेवली आहेत असं धरा:

[[वाघोली, लोणीकंद], [कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर]]

आत दोन याद्या आहेत, हवेलीची आणि शिरूरची. फ्लॅटन केलं की पाचही गावांची एकच सरळ यादी मिळते. भारी सोय!

इतकी भारी, की पुढे जावास्क्रिप्टचे नियम ठरवणाऱ्या टीसी39 समितीलाही ती भाषेतच हवी झाली, आणि नावही तेच, फ्लॅटन. मार्च 2018 मध्ये फायरफॉक्सच्या चाचणी आवृत्तीत ते आलं आणि मूटूल्सवरची एक जुनी साइट बिघडली.

का? मूटूल्स ॲरेवरची फंक्शन एकेक करून आपल्या ‘एलिमेंट्स’ नावाच्या यादीवर कॉपी करतं. बाहेरून जोडलेलं फंक्शन या मोजणीत दिसतं, ब्राउझरचं अंगचं दिसत नाही. ब्राउझरमध्ये फ्लॅटन आधीच असेल, तर मूटूल्सने त्यावर आपलं बसवलं तरी ती जागा न दिसणारीच राहते. कॉपी होत नाही, आणि जिथे ते वापरलंय तिथे एरर.

मग दोन पर्याय उरले. जुन्या साइट मोडू द्यायच्या, की नाव बदलायचं? कुणीतरी गमतीत ‘स्मूश’ हे नाव सुचवलं आणि त्यावरून इंटरनेटवर बरीच वादावादी झाली. शेवटी मे 2018 मध्ये ‘फ्लॅट’ ठरलं. क्रोममध्ये ते 69 व्या आवृत्तीपासून आहे. हे पहिल्यांदा झालं असंही नाही. 2014 मध्ये ‘कंटेन्स’ नाव मूटूल्सशीच भिडलं होतं, म्हणून आज आपण ‘इन्क्लूड्स’ लिहितो.

माझ्या मते समितीने बरोबर केलं. नाव थोडं वेगळं झालं तर आपलं काही बिघडत नाही. पण 2009 सालची साइट दुरुस्त करायला तो डेव्हलपर आता कुठे सापडणार?

नवीन पेज करत असाल तर मूटूल्स घेऊ नका. भाग पकडायला ‘क्वेरी सिलेक्टर’, माहिती आणायला ‘फेच’ हे ब्राउझरमध्येच आहे, वेगळं काही डाउनलोड करायला नको. जुनी साइट सांभाळायला मिळाली असेल, तर कॉम्प्युटरवर ती उघडून कन्सोलमध्ये ‘मूटूल्स डॉट व्हर्जन’ इंग्रजीत टाइप करा (एम आणि टी कॅपिटल). आकडा आला तर ते तिथे आहे. मग घाईत ती फाइल उडवू नका, आधी मेनू आणि स्लाइडर कशावर चालतात ते बघा.